गोठ्यात थांबलेलं वाचन

एली रोस्तान फ्रान्समधल्या मार्सेयहून कायमचा परत आला तो चेस्टनट वेचायच्या दिवसांत. सोबत एक सुटकेस, एक जुना रेडिओ आणि भिंती चाचपत चालायची नवी सवय. डोळ्यांना कडेकडेचं थोडंफार दिसे, समोरचं माणूस मात्र धुक्यात उभं असल्यासारखं. धाकटी बहीण मादलेन त्याला आणायला खाली बसथांब्यावर गेली, तेव्हा कडेच्या नजरेनं तिला बघायला त्यानं मान वाकडी केली.

"कोंबड्यासारखा काय बघतोस? मीच आहे," ती म्हणाली.

"आवाज ऐकून वाटलं, आईच आली."

"आई असती तर आधी दाढीवरून बोलली असती. चल, सुटकेस दे इकडे."

मादलेननं लग्न केलं नव्हतं. खालच्या कापडगिरणीत उभा जन्म गेला, आईवडिलांचं म्हातारपण तिनंच काढलं आणि आता सत्तरी गाठल्यावर तिचं सगळं घड्याळासारखं लागलेलं होतं. सकाळी कोंबड्या, मग बटाट्याचा वाफा, दुपारी सूप, आणि सूप झालं की खिडकीशी बसून पापांच्या, म्हणजे वडिलांच्या, बायबलमधलं एखादं पान. मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलंच नाही. बायबल मोठ्यानं वाचायचं असतं, हे तिच्या अंगात लहानपणीच भिनलेलं. ते फ्रेंचमध्ये होतं. फ्रान्सला लागून असलेल्या इटलीतल्या आमच्या खोऱ्यात देवाशी बोलायचं ते फ्रेंचमध्ये, शाळा इटालियनमध्ये आणि भांडण घरच्या बोलीत, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

एली आला आणि तिच्या घड्याळात रेडिओ घुसला. फुटबॉल, संपाच्या बातम्या, पुन्हा फुटबॉल. तो गोदीतला माणूस. चाळीसेक वर्षं मार्सेयच्या धक्क्यावर क्रेन चालवलेली, युनियनचा पक्का. चर्चमध्ये चल म्हटलं की म्हणे, "तू जा. माझ्या वाटची जागा कुणा भाविकाला दे." मादलेन दुपारी वाचायला बसली की तो रेडिओ घेऊन स्वयंपाकघरात जाई आणि आवाज किंचित वाढवी. ती पण मग आवाज वाढवी. कोंबड्या तेवढ्या गप्प असत.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. वीज गेली, रेडिओ मुका झाला. एली बिचारा चुलीपुढं बसून राहिला आणि मादलेननं पुस्तक उघडलं. स्तोत्रांतलं काहीतरी होतं. तिनं चार ओळी वाचल्या असतील नसतील, तो मागून म्हणाला, "फ्रेंच असं नाही बोलत, बाई. शेळीला हाका मारतेयस तू."

"पापा असंच वाचायचे."

"पापाही शेळीलाच हाका मारायचे."

मादलेनला राग यायला हवा होता. तिला हसू आलं. किती वर्षांत तिच्यासमोर कुणी पापांची थट्टा केली नव्हती.

"आणि दुसरं," एली म्हणाला, "पापा असं कुठलंही पान उघडून वाचायचे नाहीत. ओळीनं वाचायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

ते खरं होतं. डोंगरावरच्या सेर्रे वस्तीत, जिथं ती दोघं जन्मली, तिथं थंडीचे महिने घरात बसवत नसे. संध्याकाळ झाली की अख्खी वस्ती कुणाच्या तरी गोठ्यात जमे, कारण तिथं गाईंची ऊब. रोस्तानांचा गोठा मोठा, दगडी कमानीचा; म्हणून बहुतेक तिथंच. बायका लोकर कातायच्या, पुरुष टोपल्या विणायचे, मुलं गवतात गाईच्या पोटाला पाठ लावून बसायची. पापा दूध काढायच्या तिवईवर, कंदिलाखाली. आदल्या दिवशी जिथं थांबले तिथून पुढं वाचायचे. पानात खूण कधी ठेवायचे नाहीत. वसंतात गुरं कुरणावर गेली की पुस्तक मिटे आणि पुढच्या नोव्हेंबरात पहिल्या संध्याकाळी पापा न चुकता त्याच ओळीवर बोट ठेवत. असे दोन-तीन हिवाळे गेले की ते शेवटाला पोचायचे. मग पहिलं पुस्तक, उत्पत्ति, पुन्हा.

"मग आपण ओळीनं वाचू," मादलेन म्हणाली. "जिथं थांबलं होतं तिथून."

"यहेज्केल. ती सुकलेली हाडं उठून उभी राहतात तिथं."

"अजिबात नाही. हाडांपर्यंत पोचलोच नव्हतो. यिर्मयाचं पुस्तक चालू होतं."

"यिर्मया संपला होता!"

"तुला कसं माहीत? तू तर पेंगायचास."

"मी? पेंगायचीस तू. तिर्साच्या पाठीवर लाळ गाळत." तिर्सा म्हणजे त्यांची गाय. एली थोडा थांबला. "बरं, समजा मार्चात यिर्मयावर थांबलं. पण त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिथूनच पुढं गेले असतील ना पापा? तेव्हा हाडं आली असतील. तूच सांग, तू तर इथंच होतीस."

मादलेन त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, हा चेष्टा करतोय.

"पुढच्या हिवाळ्यात?" ती म्हणाली. "एली, पापांनी परत कधी वाचलंच नाही."

त्या मार्चात, बर्फ वितळायच्या आधी, जर्मन शिपाई आणि त्यांचे इथले साथीदार सेर्रेवर चढून आले होते. डोंगरात लपून जर्मनांशी लढणाऱ्या पोरांना भाकरी पुरवणारी वस्ती म्हणून त्यांनी गुरं हाकून नेली आणि गोठे पेटवले. गवतानं भरलेले, तासाभरात कमानी तेवढ्या उरल्या. माणसं वाचली, कारण सगळी आधीच रानात पळाली होती. बायबल वाचलं, कारण गोठ्याच्या ओलीनं पानं फुगतात म्हणून आई ते रोज एप्रनमध्ये गुंडाळून घरात नेऊन ठेवायची. त्याच दिवशी एली, अठरा वर्षांचा, वर डोंगरातल्या पोरांना जाऊन मिळाला. लढाई संपल्यावर काम शोधायला फ्रान्समध्ये गेला तो गेलाच. अधूनमधून यायचा, दोन दिवस राहायचा, उन्हाळ्यातच.

"कधीच नाही?" एलीनं विचारलं.

"चर्चमध्ये जायचे. घरी स्वतःशी पुटपुटायचे. पण मोठ्यानं, सगळ्यांपुढं, नाही. दाव्हिद बार्बांनी एकदा विचारलं होतं." वस्तीतल्या वडीलधाऱ्या पुरुषाला सगळे बार्बाच म्हणत, हे दाव्हिद शेजारचे. "तर पापा म्हणाले, गाई नाहीत, थंडी वाजते. नवा गोठा झाला, गाईसुद्धा आल्या. मग कुणी विचारलं नाही."

चुलीतलं लाकूड खाली बसलं, ते मादलेननं वर केलं.

"मी क्रेनवर बसलेला असायचो," तो म्हणाला. "जानेवारीत, दिवे लागायच्या वेळेला. खाली बोटींतून संत्र्यांची खोकी उतरतायत आणि मी मनात म्हणायचो, आता सगळे गोठ्यात बसले असतील. यंदा राजांच्या पुस्तकापर्यंत आले असतील. आता इतिहासातली नावं चालू असतील, आई डुलक्या काढत असेल. पापा गेल्याचं तू कळवलंस तेव्हासुद्धा वाटलं, कुठवर आले होते कोण जाणे. इतकी वर्षं मी तिकडं बसून त्यांच्याबरोबर वाचत होतो, मादलेन. आणि इथं कुणी वाचतच नव्हतं?"

तिनं मांडीवरचं पुस्तक पहिल्या पानापर्यंत उलटलं. मग ती म्हणाली, "थांबलं कुठं त्यावर आपलं एकमत नाही. तेव्हा पहिल्यापासूनच लावावं लागेल."

"लाव," एली म्हणाला. "वीज येईपर्यंत."

वीज तिसऱ्या दिवशी आली. रेडिओ लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्या हिवाळ्यात जेवण झाल्यापासून खिडकीतला उजेड मावळेपर्यंत रोज वाचन चाले. एली मिटल्या डोळ्यांनी ऐके, पण तोंड चालूच. याकोबाला सासऱ्यानं भलतीच मुलगी गळ्यात मारली तेव्हा तो ओरडला, "आधी तोंड बघायचं ना, गाढवा!" लेवीयाच्या पुस्तकात डुकराच्या मांसाची बंदी आली, तेव्हा दोघांना एकदमच आठवलं: एके वर्षी नेमकं डुक्कर कापलं त्याच संध्याकाळी पापा त्या जागी पोचले होते. गोठ्यातल्या सगळ्यांच्या हातांना लसणाचा आणि रक्ताच्या सॉसेजचा वास, आणि पापांचा सपाट आवाज सांगतोय, हे खाऊ नका. सगळे आईकडे बघायला लागले. आई चरखा न थांबवता म्हणाली, "ते वाळवंटातल्यांसाठी आहे. त्यांना इथला जानेवारी कुठं माहीत होता?" पापांनी मान हलवली आणि पुढची ओळ घेतली.

मादलेनच्या लक्षात यायला लागलं की आपण वाचतोय त्याच्या दुप्पट आठवतोय. पान उलटलं की शब्दांच्या आधी वास येई, गवताचा, ओल्या लोकरीचा, कंदिलाच्या तेलाचा. एखाद्या ओळीवर कुणाची खोकल्याची ढास, कुणाचं हसणं. वस्तीतली सगळी माणसं त्या पुस्तकात येऊन बसली होती, आणि ती पानं उलटेल तशी एकेक उठून बोलत होती.

आणि मग यहोशवाचं पुस्तक आलं. नगरांमागून नगरं. वेढा, आग, आतलं कुणी जिवंत सोडू नका. म्हातारे नाहीत, पोरं नाहीत, गुरं नाहीत. मादलेन वाचत गेली. तिचा आवाज आपोआप पापांसारखा सपाट झाला होता.

"बस कर," एली म्हणाला.

"थोडंच राहिलंय—"

"बस कर म्हणतो ना! हे काय वाचतेयस तू? हे आपल्यासारख्यांचं नाही चाललेलं. हे वर चढून येणाऱ्यांचं चाललंय." तो उठला, काठी सापडेना, तसाच भिंत धरून खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी रेडिओ लागला.

मादलेन एकटीनं ते पान पुन्हा वाचून बसली. लहानपणी हेच तिनं कितीतरी वेळा ऐकलं होतं, तिर्साच्या उबदार पोटाला टेकून, हातात भाजलेले चेस्टनट घेऊन. तेव्हा काहीच कसं टोचलं नाही? गोठ्याची एवढी सुंदर आठवण, आणि तिच्यात हे होतं! जपून ठेवलेल्या कपड्यांत काहीतरी जिवंत वळवळावं तसं तिला झालं. रविवारी चर्च सुटल्यावर तिनं पाळकबाईंना गाठलं. दोनातेल्ला नावाची तरुण बाई, दोन वर्षांपूर्वीच खोऱ्यात आलेली.

"याचं तुम्ही काय करता?" मादलेननं विचारलं.

पाळकबाई खरं बोलल्या. "शिकत होते तेव्हा बरीच उत्तरं दिली होती आम्हाला. पुरातन काळ, लिहिणारे कोण, का लिहिलं. ती चुकीची नाहीत. पण वाचताना अंगावर काटा यायचा तो येतोच. तो येणं थांबलं तर मला स्वतःची जास्त काळजी वाटेल."

हे तिनं घरी येऊन एलीला सांगितलं. तो फक्त "हं" म्हणाला. पंधरवडाभर पुस्तक मिटलेलं राहिलं. फेब्रुवारीच्या सोळा तारखेला, आमच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, नेहमीप्रमाणे सगळ्या डोंगरांवर होळ्या पेटल्या. शेजाऱ्यांनी एलीला हात धरून अंगणात आणलं. त्यानं मान वाकडी करून कडेच्या नजरेनं उजेडाचे ठिपके शोधले. वेगळ्या पंथाचे म्हणून छळ सोसलेल्या आमच्या लोकांना जुन्या काळी राजानं मोकळं केलं, तेव्हापासूनच्या या होळ्या. त्या विझत आल्या तेव्हाच तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सूप संपल्यावर तो स्वतःच खिडकीशी येऊन बसला. "पापांनी ते वगळलं नव्हतं," तो म्हणाला. "वगळता आलं असतं. समोर पोरं बसलेली असायची. का वगळलं नाही, ते आता त्यांना विचारता येत नाही. पण मी बाहेर जाऊन बसलो म्हणून ते नाहीसं होत नाही. वाच. मला पटणार नाही, पण वाच."

"मला तरी कुठं पटलंय?" मादलेन म्हणाली आणि तिनं वाचलं. या वेळी सपाट आवाजात नाही. तिचा तसा आवाज लागेना.

त्यानंतर वाचन बदललं. आधी दोघं पापांच्या मागून चालत होती. आता स्वतःच्या पायांनी. इतिहासाच्या पुस्तकातली नावांची रांग आली तेव्हा एली म्हणाला, "एकही सोडू नकोस." बायबलातल्या असल्या नावांतूनच तर गोठ्यातल्या वासरांची नावं निघायची, तिर्साही तसलीच, हुल्दाही. सगळं गमावलेल्या ईयोबावर त्याचं मन जडलं. "मित्र बघ कसले! माणूस राखेत बसलाय आणि हे भाषणं ठोकतायत." जुलूम सोसणाऱ्यांचे अश्रू बघणारा उपदेशक त्याला थेट युनियनचा माणूस वाटला. स्तोत्रांपाशी तर गंमतच झाली. मादलेन वाचत होती आणि एली अचानक गायला लागला. चाल जुनी, गोठ्यात उभं राहून सगळे म्हणायचे ती. आवाज फाटका, पण शब्द सगळे पाठ. चाळीस वर्षं चर्चची पायरी न चढलेला माणूस! आपल्याच तोंडून काय निघतंय ते ऐकून तो मध्येच थांबला आणि ओशाळून म्हणाला, "सूप खारट होतं आज." गीतरत्न आलं तेव्हा दोघांना आठवलं, की त्या प्रेमाच्या पानांवर आईला दरवेळी कोंबड्या बंद केल्यात का ते बघायला जावं लागायचं.

मे महिन्यात यिर्मया आला. आता खिडकी उघडी असे. दोघंही त्या पुस्तकात जरा जपून शिरली. भांडणाचा निकाल तिथंच लागणार होता. शहराला वेढा पडलेला, सगळं बुडणार हे नक्की झालेलं, संदेष्टा स्वतः कैदेत. आणि अशात त्याचा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, गावाकडचं माझं शेत विकत घे. आणि हा घेतो! शत्रूची छावणी ज्या जमिनीवर पडलीय ती जमीन, रीतसर साक्षीदार बोलावून.

एलीनं हात वर केला. मादलेन थांबली.

"पत्ता," तो म्हणाला.

"कसला पत्ता?"

"दाव्हिद बार्बा! आठवत नाही तुला? पापांनी हे वाचलं आणि दाव्हिद बार्बा कोपऱ्यातून पापांना म्हणाले, जाक, त्या माणसाचा पत्ता दे रे, माझा वरचा उतार त्यालाच विकतो. दगडांसकट!"

आणि मादलेनला ते दिसलं. सगळा गोठा हसत होता. आईनं तोंडावर एप्रन धरलेलं. पापासुद्धा, पापा वाचताना कधी हसत नसत, पण त्या दिवशी त्यांना पुढची ओळ घेता येईना, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "जा घरी. उद्या वाचू."

"आणि उद्या—" ती म्हणाली.

"उद्या ते आले."

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, त्याचा आवाज येत राहिला. एलीच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. "म्हणजे यिर्मयाच," तो म्हणाला. "जिंकलीस तू."

"मला हे कुठं आठवत होतं? मला नुसतं यिर्मया एवढंच आठवत होतं."

"पण किती हसलो गं आपण."

"हो रे. फार हसलो."

तिनं ते पान संपवलं. पुढची हाडं, माणूस गिळणारा मासा, संदेष्टे, मग शुभवर्तमानं, पत्रं असा उन्हाळा गेला. पौलाच्या पत्रांवर एली दोनदा घोरला आणि मादलेननं त्याला उठवलं नाही. येशू सरोवराकाठी, कोळ्यांच्या धक्क्यावर असावं तसा, तिथल्या माणसांत वावरतो, हे मात्र त्याला फार आवडलं. "हा माणूस कामाच्या जागी जाऊन बोलतो," तो म्हणे.

सप्टेंबरच्या एका दुपारी ती दोघं शेवटाला पोचली. द्राक्षाच्या मांडवाखाली खुर्च्या टाकल्या होत्या. शेवट म्हटल्यावर काहीतरी मोठं वाटेल अशी मादलेनची समजूत होती. प्रत्यक्षात बटाटे काढून झाल्यावर वाफा दिसतो तसं वाटत होतं: काम झालं, जागा रिकामी. ती वाचत होती, नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि समुद्र उरला नव्हता.

"काय?" एली म्हणाला. "परत वाच."

तिनं परत वाचलं.

"समुद्र नाही?"

"असं लिहिलंय खरं."

"अगं पण का? समुद्रानं काय घोडं मारलंय यांचं?"

"वाळवंटातली माणसं ती. समुद्राला भीत असतील. पुढं नदी आहे बघ, झाडं आहेत दोन्ही काठांना—"

"नदी!" एली खुर्चीत सरळ झाला. "नदीचं मी काय करू? ओदीलला काय सांगू मी?"

मादलेननं पुस्तक मांडीवर ठेवलं. हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत एलीनं मार्सेयबद्दल सांगितलं ते क्रेनबद्दल आणि संपाबद्दल.

"ओदील कोण?" तिनं विचारलं.

एलीनं तिच्याकडे मान वाकडी केली, मग सरळ केली आणि डोळेच मिटून घेतले. धक्क्याजवळ तिची खाणावळ होती, तो म्हणाला. लग्न केलं नाही आम्ही. तिचा पहिला नवरा कुठंतरी होता, जिवंत का मेलेला ते कळलंच नाही. तुम्हाला काय सांगणार होतो? पापा काय म्हणाले असते? एकत्र राहायचो मात्र, तिच्या खाणावळीवरच्या दोन खोल्यांत. काम सुटलं की आम्ही कागदात भाजलेले सार्डिन मासे घेऊन लाटा अडवायच्या भिंतीवर जाऊन बसायचो. ती समुद्राशी बोलायची, म्हणजे त्याला शिव्या द्यायची. तिचा भाऊ बुडाला होता त्यात. पण एक संध्याकाळ त्याच्याशिवाय काढायची नाही. चार वर्षं झाली तिला जाऊन. वरच्या कबरस्तानात आहे, तिथून समुद्र दिसतो.

"कशी दिसायची?" मादलेननं विचारलं.

"बुटकी. दात पुढं. तुझ्यासारखीच तोंडाळ." तो हसला. "तुमच्या दोघींचं एका दिवसात वाजलं असतं."

शेवटची थोडी पानं वाचायची राहिली होती. मादलेननं ती वाचायची घाई केली नाही. तिनं आत जाऊन चहा टाकला, दोन कप आणले, खुर्ची त्याच्या ज्या बाजूला थोडं दिसतं त्या बाजूला सरकवली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांग. भेटली कुठं ती तुला?"

"पाऊस होता," एली म्हणाला, "आणि क्रेनचा दोर तुटला होता…"